टोक किती खोल, रेघ किती रुंद : सर्किट बोर्डाचं चित्र मिलिंग यंत्राच्या भाषेत कसं उतरतं

चवथीच्या देखाव्यातले दिवे हळूहळू उजळावेत आणि हळूहळू मंद व्हावेत, एवढ्यासाठी मला तळहाताएवढं एक सर्किट हवं होतं. यापूर्वी असे बोर्ड मी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून करत असे. त्या नादात न्हाणीघराची अर्धी फरशी कायमची पिवळी झाली, आणि ते तांबं विरघळलेलं पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न दर वेळी उरायचाच. फोंड्यातलं आमचं घर जुनं, मागच्या दारी विहीर. तिच्या आसपास असलं काही सांडायचा विचारही नको. म्हणून गेल्या वर्षी एक छोटं सीएनसी मिल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणारं यंत्र, घेतलं, ‘३०१८’ म्हणतात ते. नावातच त्याचं माप आहे : ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर कामाची जागा.

यंत्र जोडून झालं, कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये सर्किट काढून झालं, आणि मग लक्षात आलं की चित्र प्रिंटरला पाठवतात तसं ते या यंत्राला पाठवता येत नाही. मध्ये भाषांतराचा एक टप्पा आहे. हा टप्पा सॉफ्टवेअर दोन मिनिटांत उरकतं, पण त्याच्या आत काय चाललंय ते कळेपर्यंत माझे पाच बोर्ड कचऱ्यात गेले.

मुळापासून सुरुवात करू. बाजारात मिळणारा कोरा बोर्ड म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीची फळी आणि तिच्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा बहुतेक वेळा ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३५ मिलिमीटरचा असतो. सर्किटमध्ये तारांच्या जागी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. सुट्या भागांचे पाय जिथे सोल्डर करायचे ते ठिपके म्हणजे पॅड. केमिकलच्या पद्धतीत नको असलेलं सगळं तांबं विरघळून जातं. मिलिंगमध्ये आपण तसं करत नाही. प्रत्येक ट्रॅकच्या भोवती फक्त एक बारीक चर खणतो, की तो शेजारच्या तांब्यापासून सुटा झाला. बाकीचं तांबं जागेवरच राहतं, निरुपयोगी पण निरुपद्रवी.

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची भातशेती, पाहिलेल्याला हे लगेच कळेल. तिथे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, एकमेकांपासून वेगळे ठेवतात ते बांध घालून. इथे बांधाच्या जागी चर आहे आणि पाण्याच्या जागी वीज. एका कुणग्यातलं पाणी दुसऱ्यात जाता कामा नये, एवढीच अट. बांधाला खेकड्याने एक भोक पाडलं तरी खारं पाणी आत शिरतं, तसंच चराच्या आड तांब्याची केसाएवढी कुसळ राहिली तरी शॉर्ट सर्किट होतं.

आता भाषांतराकडे. कीकॅडमधून आपण बाहेर काढतो त्या गर्बर फाइली. हे नाव जोसेफ गर्बर या व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाच्या कंपनीवरून आलं. त्यांचे फोटोप्लॉटर फिल्मवर प्रकाशाने चित्र काढत : एक दिवा, त्याच्यापुढे वेगवेगळ्या आकारांच्या भोकांची चकती, आणि हे सगळं इकडून तिकडे सरकवणारं यंत्र. त्यामुळे गर्बर फाइल उघडली तर आत चित्र नसतं, हुकूम असतात. अमुक आकाराचं भोक निवड. डी०२, म्हणजे दिवा न लावता तिथवर सरक. डी०१, म्हणजे दिवा लावून रेघ ओढत जा. डी०३, म्हणजे एकदाच लखकन चमकून शिक्का मार. ट्रॅक डी०१ने होतात, पॅड बहुधा डी०३ने.

गंमत अशी की मिलिंग यंत्राला लागणारा जी-कोडही, म्हणजे त्याला द्यायच्या हुकमांची भाषाही, याच घराण्यातली. गर्बरचं जुनं रूप आरएस-२७४-डी या मानकावर बेतलेलं होतं, आणि ते मानक मुळात यांत्रिक कापकामाच्या यंत्रांसाठी केलेलं. म्हणजे दोघे चुलत भाऊ. दोघांच्याही ओळी एक्स, वाय आणि आकडे अशाच. मग एकाची फाइल दुसऱ्याला का चालत नाही?

कारण गर्बर सांगतो तांबं कुठे ठेवायचं ते, आणि यंत्राला हवं असतं तांबं कुठे काढायचं ते. गर्बरच्या रेघेवरूनच बिट, म्हणजे यंत्राचं गरगर फिरून कापणारं पातं, फिरवली तर नेमका ट्रॅकच खरवडून निघेल. बिट फिरायला हवी ट्रॅकच्या कडेने, बाहेरून. आणि बिटला स्वतःची रुंदी असते, म्हणून तिचा मध्य कडेवर ठेवूनही चालत नाही. रुंदीच्या निम्म्याने आणखी बाहेर सरकवावा लागतो.

हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी फ्लॅटकॅम आणि पीसीबीटूजीकोड ही दोन्ही फुकट मिळतात. मी फ्लॅटकॅम वापरतो. ते आधी गर्बरमधला प्रत्येक हुकूम खऱ्या आकारात बदलतं. ०.५ मिलिमीटरच्या गोल भोकाने ओढलेली रेघ म्हणजे दोन्ही टोकं गोल असलेली पट्टी. शिक्का म्हणजे गोल किंवा चौकोन. मग एकमेकांना चिकटलेले सगळे आकार वितळवून त्यांचा एक आकार करतं. ही पायरी नसती तर ट्रॅक आणि पॅड जिथे जुळतात तिथेही बिटने चर मारला असता आणि जोड तुटला असता. यानंतर प्रत्येक एकसंध आकार चहूबाजूंनी बिटच्या निम्म्या रुंदीने फुगवायचा. फुगलेल्या आकाराची बाहेरची कड म्हणजेच बिटचा मार्ग.

या एका फुगवण्यात मिलिंगच्या बहुतेक अडचणींचं मूळ आहे. दोन पॅडमधली फट बिटच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर काय होतं बघा. दोन्ही आकार फुगतात, मधोमध एकमेकांना भिडतात, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी त्यांचा मिळून एकच आकार होतो. मग कड दोघांच्या भोवतीने जाते, मधून जातच नाही. स्क्रीनवर सगळं नीटनेटकं दिसतं. सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा तक्रार करत नाही. तुम्ही बोर्ड कापता, भाग सोल्डर करता, आणि दोन पाय आपसात जोडलेलेच. म्हणून मार्ग तयार झाला की मी स्क्रीन मोठी करून प्रत्येक फटीतून रेघ जाते का ते डोळ्यांनी पाहतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

फटी किती असतात याचा अंदाज द्यायला हवा. जुन्या पद्धतीच्या, भोकात पाय घालायच्या आयसीचे, म्हणजे चिपेचे, पाय २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात. पॅड १.६चा धरला तर मध्ये ०.९४ उरतात, बिट आरामात जाते. पृष्ठावर बसणाऱ्या एसओआयसी जातीच्या आयसीत अंतर १.२७, पॅड साधारण ०.६, फट ०.६७ मिलिमीटर. अजून ठीक. ०.५ मिलिमीटर अंतराच्या चिपेत पॅड ०.३चा असेल तर फट उरते ०.२. तिथे हात जोडावेत आणि बोर्ड कारखान्यातून करून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जमतं, नाही असं नाही. पण छंदाचा त्रास होऊ नये. सर्किट काढतानाच कीकॅडच्या नियमांत किमान फट ०.४ आणि ट्रॅक ०.५ मिलिमीटरचा ठेवला तर पुढची निम्मी कटकट वाचते. कीकॅडमध्ये आपसूक येणारी किमान फट ०.२ असते, आणि ती या यंत्रांसाठी फार अरुंद आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. सॉफ्टवेअर विचारतं : बिटची रुंदी किती? मी पहिल्यांदा पाकिटावर लिहिलेलं ०.१ टाकलं. सगळे नवशिके हेच करतात.

या कामाच्या बिटा सरळ दांड्यासारख्या नसतात, शंकूसारख्या असतात. टोक बारीक आणि वर रुंद होत जाणारं. त्यामुळे ती किती रुंद कापेल हे ती किती खोल गेली यावर ठरतं. आमच्या आळीत एक शेट आहेत, सोनाराचा पिढीजात धंदा. मी यंत्र कसं चालतं ते दाखवायला त्यांना घरी बोलावलं होतं. त्यांनी बिट भिंगाखाली धरली, बोटावर फिरवली आणि म्हणाले, “ही तर आमची सळईच. हात हळू दवर, रेघ बारीक येते. दाबलीस की जाड.” पुस्तकातलं सूत्र मी नंतर वाचलं. ते यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

सूत्र असं : चराची रुंदी म्हणजे टोकाची रुंदी, अधिक खोलीची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाचा टॅन्जंट. त्रिकोणमिती विसरला असाल तर ३० अंशांच्या बिटसाठी एवढंच लक्षात ठेवा : खोलीचे ५४ टक्के टोकाच्या रुंदीत मिळवायचे. टोक ०.१चं आणि खोली ०.०५ असेल तर चर ०.१२७ मिलिमीटरचा. खोली ०.१ केली तर ०.१५४. खोली ०.२ केली तर ०.२०७, म्हणजे पाकिटावरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. ६० अंशांची बिट असेल तर वाढ याच्या दुपटीहून अधिक, म्हणून ती बारीक कामाला नको. ३० अंशांची टोकं मोडतात लवकर, हे मात्र खरं. पहिल्याच आठवड्यात माझ्या तीन मोडल्या, त्यातली एक तर नुसती डब्यात ठेवताना.

म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये रुंदी भरताना आपण प्रत्यक्षात खोलीबद्दल वचन देत असतो. ०.१५ लिहिलं म्हणजे ‘माझी बिट सगळीकडे बरोबर ०.१ मिलिमीटर खोल जाईल’ असं म्हटलं. आणि हे वचन पाळणं अवघड असतं.

माझ्या तिसऱ्या बोर्डाची गोष्ट. मार्ग तपासला होता, रुंदी हिशेबाने भरली होती. कापून झाल्यावर एका बाजूला तांब्यावर नुसता ओरखडा, आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक कुरतडल्यासारखे. नंतर मोजलं तेव्हा समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या उंचीत ०.२८ मिलिमीटरचा फरक निघाला. साध्या कागदाच्या तीन पानांच्या चळतीहून फार जास्त नसेल. पण हिशेब करा : शून्य खालच्या कोपऱ्यावर धरलं, तर वरच्या कोपऱ्यात बिट ०.१ऐवजी ०.३८ खोल गेली. चर ०.१५४ऐवजी ०.३०४ झाला. ही वाढ चराच्या दोन्ही कडांना वाटून जाते, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक अंगाला ०.०७५. ट्रॅकला दोन अंगं, तेव्हा ०.१५ गेले. ट्रॅक होता ०.३ मिलिमीटरचा. निम्मा उरला. (त्या बोर्डात मी ट्रॅक ०.३चा ठेवला होता, वर ०.५चा सल्ला दिला तो याच बोर्डामुळे.)

हा फरक आला कुठून? थोडा यंत्राचा, पण बराचसा आपल्या पावसाचा. मी वापरतो ते बोर्ड एफआर-१ जातीचे, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागदाचे थर. कागद तो कागदच. जुलैत तो दमट होतो आणि बोर्ड पापडासारखा वळतो. खाली ठेवलेली एमडीएफची फळीही फुगते. एफआर-४ जातीचे बोर्ड काचेच्या धाग्यांचे, त्यांना दमटपणाची एवढी फिकीर नसते. पण ते कापताना काचेची धूळ उडते, आणि ती फुप्फुसात जायला नको. शिवाय बिटचं टोक फार लवकर बोथट होतं. त्यामुळे घरात एफआर-१च बरा. मी बोर्ड हवाबंद डब्यात, त्यावर वजन म्हणून जुनी इस्त्री ठेवून सांभाळतो.

तरीही वाकडा बोर्ड पूर्ण सरळ होत नाही. मग मार्गच वाकडा करायचा. यात मला सगळ्यात जास्त मजा वाटते. एक वायर तांब्याला लावायची, दुसरी बिटला. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणाऱ्या जर्बल नावाच्या नियंत्रकात यासाठी वेगळी पिन राखून ठेवलेली आहे. जी३८.२ हा हुकूम दिला की बिट हळूहळू खाली येते आणि तांब्याला टेकताक्षणी थांबते. सर्किट पूर्ण झाल्याचं नियंत्रकाला कळतं. त्या जागेची उंची नोंदली जाते. असं दर १० मिलिमीटरवर करायचं. १०० बाय ८० मिलिमीटरच्या बोर्डावर अकरा गुणिले नऊ, म्हणजे ९९ ठिकाणी टकटक. माझ्या यंत्राला पंचवीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो. मग सॉफ्टवेअर जी-कोडमधल्या लांब रेघांचे छोटे तुकडे करतं आणि जवळच्या चार बिंदूंवरून प्रत्येक तुकड्याची उंची काढून खाली-वर करतं. बिट बोर्डाच्या चढउतारावरून अशी जाते, की खोली सगळीकडे तीच. हे सुरू केल्यापासून मी खोली ०.०८वर आणली आहे. तांबं ०.०३५ जाड, तेव्हा तेवढी पुरते.

एकच चर पुरतो का, हाही प्रश्न येतो. विजेसाठी पुरतो, सोल्डर करणाऱ्या हातासाठी नाही. ०.१५ मिलिमीटरच्या चरावरून सोल्डरचा थेंब सहज उडी मारतो. म्हणून सॉफ्टवेअरला तीन फेऱ्या सांगायच्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर २० टक्के चढलेली. तेव्हा चर ०.३९ मिलिमीटरचा होतो. वेळ तिप्पट लागतो. पीसीबीटूजीकोडमध्ये एक वेगळा पर्याय आहे : दोन ट्रॅकच्या बरोबर मधोमध एकच रेघ मारायची, आणि उरलेलं सगळं तांबं ज्याच्या जवळ त्याला देऊन टाकायचं. या वाटणीला व्होरोनॉय म्हणतात. बोर्ड दिसतो देखणा, गावच्या जमिनीच्या नकाशासारखा. पण सोल्डर करताना सगळंच तांबं चमकत असतं आणि पॅड कुठे संपला ते माझ्या चष्म्याला कळत नाही.

भोकांची फाइल वेगळी असते, एक्सेलॉन पद्धतीची. तिच्यात भोकांच्या मापांची यादी आणि मग प्रत्येक भोकाची जागा. जुन्या पद्धतीच्या फाइलींत आकड्यांमध्ये दशांश चिन्ह नसतं आणि काही वेळा पुढची किंवा मागची शून्यंही गाळलेली असतात. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा समज चुकला, किंवा एकाने इंच आणि दुसऱ्याने मिलिमीटर धरलं, की भोकं बोर्डाबाहेर कुठेतरी जाऊन पडतात. हे स्क्रीनवर लगेच दिसतं, म्हणून फारसं घातक नाही. सर्किटमध्ये पाच मापांची भोकं असतील तर ती ०.८ आणि १.० अशा दोनच मापांवर आणावीत, नाहीतर बिट बदलण्यातच दिवस जातो.

घातक आहे ती आरशाची चूक. भाग वरून बसतात, ट्रॅक खालच्या बाजूला असतात. कीकॅड खालची बाजूही वरूनच पाहिल्यासारखी दाखवतो, जणू बोर्ड काचेचा आहे. यंत्रावर मात्र आपण बोर्ड उलटा करून तांबं वर ठेवतो. म्हणून खालच्या थराचं चित्र आणि त्याबरोबर भोकंही आरशात धरल्यासारखी उलटी करावी लागतात, दोन्ही एकाच अक्षाभोवती. मी एकदा विसरलो. बोर्ड अप्रतिम कापला गेला आणि आयसीचे पाय सगळे उलट्या क्रमाने. शेवटी आयसी तांब्याच्याच बाजूने लावून वेळ मारून नेली. तो बोर्ड अजून चालतो, पाहुण्यांना दाखवत नाही.

मग जी-कोड. तो वाचायला अवघड नाही. जी२१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये. एम३ एस१०००० म्हणजे मोटर फिरव. जी० झेड२ म्हणजे बिट तांब्याच्या २ मिलिमीटर वर उचल. जी१ झेड-०.०८ एफ६० म्हणजे सावकाश खाली उतर, आणि जी१ एक्स१२.४ वाय८.० एफ१२० म्हणजे मिनिटाला १२० मिलिमीटर वेगाने कापत तिथवर जा. बस्स, अशा हजारो ओळी. पाठवण्याआधी फाइलीतला सगळ्यात लहान झेड एकदा शोधून पाहावा, तिथे -०.०८च्या जागी -०.८ दिसलं, तर एक बिट वाचली.

क्रम नेहमी हाच : आधी चर, मग भोकं, शेवटी बाहेरची कड. कड आधी कापली तर बोर्ड सुटा होऊन हलतो. भोकांसाठी बिट १.८ मिलिमीटर खोल जाते, म्हणजे १.६च्या फळीतून आरपार. कडेसाठी २ मिलिमीटरची एंडमिल, म्हणजे सरळ दांड्याची बिट, दर फेरीला ०.४ खोल, आणि तीन-चार जागी न कापलेले छोटे पूल सोडायचे. बिट बदलली की तिची लांबी बदलते, म्हणून झेडचं शून्य पुन्हा धरायचं. एक्स आणि वायच्या शून्याला हातही लावायचा नाही. धूळ फुंकर मारून उडवायची नाही, व्हॅक्यूमने ओढायची, मास्क लावून.

कापून झालं की जुन्या टूथब्रशने चर घासतो आणि मल्टिमीटरच्या बीपवर शेजारशेजारचे ट्रॅक तपासतो. बीप आली तर शेटांचं भिंग आणि ब्लेडचं टोक. मग लगेच, त्याच संध्याकाळी, सोल्डरिंगची राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून ब्रशने सगळ्या तांब्यावर एक हात द्यायचा. आमच्या हवेत उघडं तांबं चवथीपर्यंत काळं पडतं, आणि काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही.